ब्रिटनची जुनी ट्राम-बस टोकनं: कुठली, कधीची, कशाची? आणि आपल्या उन्हात ठेवायची कशी?

मेहरूणकर (जळगाव)

नमस्कार मंडळी. ब्रिटिश ट्राम-बसच्या भाड्याची टोकनं म्हणून आलेला 31 नगांचा लॉट समोर आहे. ढोबळ वर्गवारी अशी:

रंगीत प्लास्टिकसारखे 13 नग, 22 ते 29 मिमी. लाल, हिरवे, पिवळे, निळे. एका लालवर ‘कॉर्पोरेशन ट्रामवेज’ आणि 1D वाचता येतं. शहराचं नाव घासलंय, पण मधे झाड, पक्षी आणि मासा दिसतो. एका हिरव्यावर तीन बुरूज आहेत, बाकी सगळं पुसट.
काळे 6 नग. त्यातले दोन कडेला तपकिरी पडलेत.
‘नॅशनल ट्रान्सपोर्ट टोकन’, 10p असे 5 नग.
पितळी 4. चारही भोकाचे आणि नंबर ठोकलेले. दोनांवर एन.सी.बी., दोनांवर जी.आय.पी.आर.
अॅल्युमिनियमसारखे 3, जवळजवळ गुळगुळीत.

प्रश्न तीन. शहर आणि काळ कसा ठरवायचा? काळे नक्की कशाचे आहेत? आणि स्वच्छ करायचे की नाही? पितळेला चिंच लावायची इच्छा फार होतेय.

नाणेकट्टा_धुळे

भाऊ, चिंच आधी बाजूला ठेवा. पितळेवरची जुनी झाक एकदा गेली की परत येत नाही, आणि घासलेला नग जाणकार उचलतसुद्धा नाही.

आता ओळख. नवशिके आधी चित्र बघतात. माझं म्हणणं, आधी शहराच्या नावामागचा शब्द वाचा. टोकनावर साल जवळपास कधीच नसतं, पण टोकन काढणाऱ्या संस्थेचं नाव बदलत गेलं आणि त्या बदलांच्या तारखा पक्क्या आहेत.

‘ट्रामवेज कंपनी’ असेल तर खाजगी कंपनी. ब्रिटनच्या 1870 च्या ट्रामवेज कायद्यात 21 वर्षांनी ट्राम विकत घ्यायचा हक्क नगरपालिकेला दिला होता, म्हणून 1890 नंतर शहरामागून शहर ‘कॉर्पोरेशन ट्रामवेज’ होत गेलं. ग्लासगोनं 1894 मध्ये ट्राम स्वतःच्या हातात घेतली. मात्र ‘कंपनी’ दिसली की एकोणिसावं शतक, असं धरून चालू नका. काही गावांत कंपन्या पुढेही बरीच वर्षं टिकल्या.

पुढे मोटारबस आल्या, ट्राम मागे पडली, आणि ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आलं. हा बदल प्रत्येक शहरात वेगळ्या वर्षी झालाय, त्यामुळे शहर ठरल्याशिवाय साल सांगता येत नाही. लंडनचा सांधा मात्र नेमका आहे. 1 जुलै 1933 ला तिथली सगळी ट्राम-बस एका मंडळाखाली गेली, म्हणून लंडन काउंटी कौन्सिल ट्रामवेजचं नाव असलेली वस्तू त्याच्या आधीचीच.

1968 च्या वाहतूक कायद्यानं मोठ्या शहरांभोवती पी.टी.ई. (पॅसेंजर ट्रान्सपोर्ट एक्झिक्युटिव्ह) नावाच्या सरकारी वाहतूक संस्था आल्या. मँचेस्टरच्या भागातली ‘सेलनेक’ फक्त 1 नोव्हेंबर 1969 ते 31 मार्च 1974 एवढीच जगली. 1 एप्रिल 1974 ला नगरपालिकांची फेररचना झाली, ‘कॉर्पोरेशन’ हा शब्द मावळू लागला आणि ‘बरो’, ‘सिटी ट्रान्सपोर्ट’ अशी नावं पुढे आली. 26 ऑक्टोबर 1986 ला बसधंदा खुला झाला आणि पालिकांच्या बससेवा कंपन्या झाल्या. तेव्हा नावात ‘लिमिटेड’ दिसलं की एक तर ती खाजगी कंपनी, नाहीतर 1986 च्या आसपास कंपनी झालेली पालिकेची सेवा. साचा आणि माल बघून ते लगेच कळतं.

यातही एक मेख आहे. नावावरून टोकन कधी पाडलं ते कळतं, कधीपर्यंत वापरलं ते नाही. जुना साठा नवी संस्था संपेपर्यंत चालवायची.

दुसरी खूण पैशाची. D म्हणजे जुना पेनी, 12 चा एक शिलिंग आणि 240 चा एक पौंड. P म्हणजे नवा पेनी, 100 चा पौंड. बदल 15 फेब्रुवारी 1971 ला झाला. बऱ्याच बस कंपन्यांनी तो जवळजवळ आठवडाभर उशिरा, 21 तारखेला घेतला. म्हणजे ‘सेलनेक’ आणि D एकाच टोकनावर दिसलं, तर ते सव्वा वर्षाच्या खिडकीतलं. नुसता आकडा असेल, अक्षर नसेल, तिथे घोटाळा होतो. 2½ हे जुनेही असू शकतात आणि नवेही, कारण जुने 6 पेन्स बरोबर नवे 2½ होतात आणि नवा अर्धा पेनी 1984 पर्यंत चलनात होता. अशा वेळी परत संस्थेच्या नावाकडेच जावं लागतं.

तुमचं लाल ग्लासगोचं. झाड, त्यावर पक्षी, घंटा आणि तोंडात अंगठी धरलेला मासा हे त्या शहराचं चिन्ह. घंटा झाडाला टांगलेली असते, भिंगातून शोधा. ‘ट्रामवेज’ आहे म्हणजे ‘ग्लासगो कॉर्पोरेशन ट्रान्सपोर्ट’ हे नाव येण्याआधीचं.

नाव पुसलं असेल तर चिन्हावरून गाव काढायला एवढं पाठ ठेवा: घुबडं आणि टांगलेलं मेंढीचं कातडं म्हणजे लीड्स. बाणांची मोळी शेफील्ड. चोचीत शेवाळ धरलेला पक्षी लिव्हरपूल. वर गलबत आणि ढालीवर तीन तिरपे पट्टे मँचेस्टर. एकाखाली एक तीन मुकुट हल. पाठीवर गढी घेतलेला हत्ती कॉव्हेंट्री. रानडुकराचं मुंडकं ब्रॅडफर्ड. लिलीच्या फुलांचा कुंभ डंडी.

बुरुजांचं हिरवं मात्र त्रासदायक आहे. घासल्यावर एडिनबरो, न्यूकॅसल आणि अॅबर्डीन सारखेच दिसतात. एडिनबरोला खडकावर एकच किल्ला, त्याला तीन बुरूज. उरलेल्या दोघांना तीन सुट्या गढ्या, वर दोन आणि खाली एक. फरक बाजूला बघायचा. न्यूकॅसलच्या ढालीला दोन्हीकडे माशाच्या शेपटीचे घोडे असतात. अॅबर्डीनला बिबटे, आणि ढालीच्या आतून फुलांची दुहेरी चौकट. टोकनावर जागा कमी म्हणून कधी बाजूचे प्राणी गाळलेले असतात. तेव्हा चौकट शोधा.

डाउनलाइन_भुसावळ

पितळी चारपैकी एकही भाड्याचं नाही भो.

एन.सी.बी. म्हणजे नॅशनल कोल बोर्ड. ब्रिटनच्या कोळसा खाणी 1 जानेवारी 1947 ला सरकारी झाल्या, त्यानंतरचे हे खाणकामगाराचे बिल्ले. खाली कोण उतरलंय आणि वर कोण आलंय, याची मोजदाद त्यावर व्हायची. त्यावर खाणीचं नाव असेल तर ते गोळा करणारे वेगळेच लोक आहेत, त्यांच्याशी अदलाबदल करा.

जी.आय.पी.आर. तर आपल्याच घरचे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत गेली, म्हणजे नग त्याआधीचे. असे भोक आणि नंबर असलेले बिल्ले वर्कशॉपात हत्यारासाठी असायचे. कामगार स्टोअरमध्ये बिल्ला द्यायचा, पाना न्यायचा, आणि पान्याच्या खिळ्याला बिल्ला लटकायचा. पान्याऐवजी बिल्ला दिसला की पाना कोणाकडे आहे ते कळलं. लॉटमध्ये ते इकडच्या कोणीतरी मिसळलेत.

आणि भुसावळ भागात ‘रेल्वेचं टोकन’ मागितलंत तर लोक तुम्हाला नीलचा टोकन गोळा सांगतील. तो एकेरी मार्गावर ड्रायव्हरला पुढच्या खंडात जायची परवानगी म्हणून द्यायचे. भाड्याशी त्याचा संबंध नाही.

भाड्याचं टोकन ओळखायचं तर मजकुरात भाड्याचा, ट्रामचा, बसचा किंवा टप्प्याचा उल्लेख हवा, नाहीतर वाहतूक संस्थेचं नाव हवं. ‘स्कॉलर’ असेल तर शाळेच्या मुलांचं, ‘पोस्ट ऑफिस’ असेल तर टपालवाल्यांचं. ही टोकनं संस्था घाऊक विकत घ्यायची आणि आपल्या माणसांना वाटायची. कंडक्टर टोकन घेऊन तिकीट फाडायचा. एवढंच.

रावेर_खोड

काळे कशाचे ते बघायला सोपी युक्ती. सुई लाल करून कडेला टोचायची. वासावरून लगेच समजतं.

प्रयोगवही_चोपडा

रावेरकर दादा, कृपा करून हे कोणाला सांगू नका. रंगीत टोकनांत सेल्युलॉइड असण्याची शक्यता मोठी, आणि सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. लाल सुई लागताच भडका उडतो. 25 मिमीचा तुकडा बोट भाजायला पुरेसा आहे. जळलं नाही तरी नगाला कायमचं भोक पडतं ते वेगळंच.

मेहरूणकर, नाक वापरा, पण सुईशिवाय. टोकन अंगठ्यानं 20-30 वेळा जोरात चोळा, गरम झाल्याबरोबर हुंगा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. गंधकाचा, जुन्या सायकल ट्यूबसारखा वास आला तर व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ही चाचणी देवघराजवळ किंवा कापूर ठेवलेल्या कपाटापाशी करू नका, सगळंच सेल्युलॉइड निघेल!

तुमचे काळे, कडेला तपकिरी पडलेले दोन व्हल्कनाइट असावेत. उजेड आणि दमट हवेनं त्याच्या पृष्ठावरचं गंधक बदलतं, काळा रंग तपकिरी होतो आणि थोडं गंधकाम्ल सुटतं. म्हणून ते धातूच्या नगांशेजारी ठेवायचे नाहीत.

वासानं समाधान झालं नाही तर घनता काढा. जळगावात सराफी वजनकाटा काही दुर्मीळ नाही, 0.01 ग्रॅमचा पुरतो. आधी नग कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करा. नगाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरा. काट्यावर येईल तेवढे ग्रॅम म्हणजे तेवढे घनसेंटिमीटर आकारमान. कोरड्या वजनाला त्यानं भागलं की घनता.

उदाहरण: कोरडं 1.62, बुडवल्यावर काटा 0.60. उत्तर 2.7, म्हणजे अॅल्युमिनियम. जस्त 7.1, पितळ साधारण 8.5. सेल्युलॉइड 1.35 ते 1.40. पॉलिस्टायरीन हे कडक प्लास्टिक 1.05, ते फरशीवर टाकलं की धातूसारखं खणखणतं आणि मिठाच्या संपृक्त पाण्यावर तरंगतं.

चुका कुठे होतात ते सांगते. नगाला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकारमान फुगवतात. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, बुडबुडे सुटतात. पंखा चालू असेल तर शेवटचा आकडा नाचतो. आणि प्लास्टिकचा नग हलका असल्यानं 0.01 चा फरकही उत्तरात दिसतो: 1.12 ग्रॅमच्या नगाला 0.82 आलं तर 1.37, 0.83 आलं तर 1.35. तीनदा मोजून सरासरी घ्या.

एक सावधगिरी. केसीन नावाचं दुधापासूनचं जुनं प्लास्टिक 1.33 ते 1.35 घनतेचं असतं, म्हणजे सेल्युलॉइडला अगदी खेटून. ते पाण्यात राहिलं की फुगतं, वाकतं. म्हणून कापराचा वास न आलेला रंगीत नग पाण्यात दहा सेकंदांवर ठेवू नका, लगेच टिपून घ्या. घनतेवरून सेल्युलॉइड की केसीन हा वाद मिटत नाही, तिथे नाकच खरं.

मेहरूणकर (जळगाव)

ताई, धन्यवाद. मोजलं. 13 रंगीतांपैकी 9 ना कापराचा वास स्पष्ट. 4 खणखणतात, घनता 1.04 ते 1.06. सहा काळ्यांपैकी पाचांना गंधक, एकाला काहीच नाही. अॅल्युमिनियमचे तिन्ही 2.6 ते 2.75 मध्ये. आता साफसफाई आणि ठेवण्याचं सांगा. घर पत्र्याचं आहे, मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो.

प्रयोगवही_चोपडा

पत्र्याखाली सेल्युलॉइड नको. खालच्या मजल्यावरची खोली बघा, कोणाचं धाब्याचं घर असेल तर उत्तम. मातीचं धाबं दुपारच्या उन्हाचा तडाखा अडवतं, आतलं तापमान फार वरखाली होत नाही. आपल्याकडे दुसरा शत्रू म्हणजे कूलर. त्याची ओली हवा थेट कपाटावर आली की व्हल्कनाइट आणि अॅल्युमिनियम दोघांनाही बाधते. टोकनांची खोली आणि कूलरची खोली वेगळी ठेवा.

सेल्युलॉइड म्हातारं होताना आम्लाची वाफ सोडतं. ती कोंडली की कुजणं वाढतं आणि शेजारचा नगही बिघडतो. म्हणून हवाबंद डबा, झिपची पिशवी, सीलबंद कॅप्सूल यातलं काही नको. प्रत्येक नग आम्लविरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात, पाकिटं पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी, झाकण सैल. धातूचे नग वेगळ्या खोक्यात. खोक्यात एक साधी स्टीलची टाचणी टाकून ठेवा. सहा महिन्यांनी ती गंजलेली दिसली तर एखादा नग कुजतोय. चिकट झालेला, जाळीदार तडे गेलेला किंवा नाकाला झोंबणारा नग लगेच दुसऱ्या खोलीत हलवा.

पी.व्ही.सी.चे मऊ, वास येणारे नाण्यांचे अल्बम धातूलाही वाईट. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यानं पितळेवर हिरवा चिकटा येतो. पॉलिप्रॉपिलीनची पानं घ्या. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते.

साफसफाई: खणखणणारे चार आणि धातूचे नग कोमट शुद्ध पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. लगेच टिपा, सावलीत वाळवा. सेल्युलॉइड आणि व्हल्कनाइटला फक्त कोरडा मऊ ब्रश. स्पिरिट आणि नेलपॉलिश काढायचं द्रव्य कोणालाच लावायचं नाही. त्या द्रव्यातल्या अॅसिटोननं सेल्युलॉइड आणि पॉलिस्टायरीन दोन्ही विरघळतात.

वास न येणारं काळं तसंच राहू द्या. पाकिटावर ‘काळं, माल अनिश्चित’ लिहा. खोटी खात्री लिहिण्यापेक्षा ते बरं.

नाणेकट्टा_धुळे

दोन गोष्टी राहिल्या.

‘नॅशनल ट्रान्सपोर्ट टोकन’ ही ज्येष्ठांच्या सवलतीची. स्थानिक परिषदा ती वाटायच्या आणि अनेक बस कंपन्या ती छापील किमतीला घ्यायच्या. इंग्लंडमध्ये 2006 मध्ये आपल्या भागात आणि 1 एप्रिल 2008 पासून देशभर ज्येष्ठांना बस फुकट झाली, तेव्हा अशा टोकनांची गरज बरीच कमी झाली. ती मुबलक मिळतात, पाचांसाठी जास्त पैसे मोजू नका. एक सांभाळा, चार बदलीला काढा. P म्हणजे 1971 नंतरचीच, हे वर आलंच.

गुळगुळीत अॅल्युमिनियमवर वर्ख किंवा पावडर काही घासू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून 10-15 अंशांतून उजेड टाका आणि टोकन हळूहळू फिरवा. सरळ उजेडात नसलेली अक्षरं सावलीनं उठतात. फोन वरून स्थिर ठेवून चार दिशांनी चार फोटो घ्या. एका फोटोत पूर्ण मजकूर क्वचितच येतो. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची पद्धत धातूला चालते. सेल्युलॉइडला नको, दाबानं तडे जातात.

भोकं असतील तर तीही बघा. मूळ भोक साच्यातलं असतं, त्याची कड गुळगुळीत आणि मजकूर त्याला वळसा घालून गेलेला. नंतर ड्रिलनं पाडलेलं भोक अक्षर कापतं आणि मागच्या बाजूला कड उचललेली लागते.

पुढे वाचायचं असेल तर शब्द लक्षात ठेवा: व्हेक्च्युरिस्ट. वाहतूक टोकनं जमवणाऱ्याला म्हणतात, लॅटिन ‘व्हेक्चुरा’ म्हणजे वाहतूक यावरून. अमेरिकन व्हेक्च्युरिस्ट असोसिएशन 1948 पासून आहे. ब्रिटनमध्ये टोकन करस्पाँडिंग सोसायटी आहे, पण तिथे सगळ्याच प्रकारच्या टोकनांची चर्चा चालते.

अजून एक. लॉट विकणारा ‘हस्तिदंती रेल्वे पास’ दाखवेल. सुरुवातीच्या ब्रिटिश रेल्वे कंपन्या संचालकांना तसे पास द्यायच्या, हे खरं आहे. पण आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे आणि ब्रिटनमध्येही 2022 पासून कडक बंदी लागू झालीय. हात लावू नका.

मेहरूणकर (जळगाव)

आडव्या उजेडाचा उपयोग झाला. हिरव्यावर नावाची शेवटची तीन अक्षरं ‘ईईएन’ आली आणि ढालीच्या आत बारीक दुहेरी रेघ दिसते. अॅल्युमिनियमच्या दोनांवर ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’, आणि एकावर त्याच्याखाली ‘पिंट’.

नाणेकट्टा_धुळे

हिरवं अॅबर्डीन. चौकटीची रेघ आणि नावाचा शेवट दोन्ही जुळले, शंका नको. तिथली ट्राम 3 मे 1958 ला बंद झाली, म्हणून ‘ट्रामवेज’ की ‘ट्रान्सपोर्ट’ तेवढं अजून वाचायचा प्रयत्न करा.

अॅल्युमिनियमचं ‘पिंट’ लिहिलेलं दुधाचं. सहकारी सोसायटीत आगाऊ पैसे भरून ही टोकनं घ्यायची, दारात बाटलीजवळ ठेवायची, गवळी टोकन नेऊन दूध ठेवायचा. पावाचीही अशीच असायची. ‘पिंट’ नसलेल्यावर पाव निघतो का बघा. तिसरं कोरं तसंच ठेवा.

म्हणजे 31 मधून चार पितळी आणि अॅल्युमिनियमची दोन गेली, पाच सवलतीची, अॅल्युमिनियमचं एक कोरं. उरले 13 रंगीत आणि 6 काळे. पाकिटावर शिसपेन्सिलीनं व्यास, वजन, माल आणि वाचलेला मजकूर जसाच्या तसा लिहा, न दिसणाऱ्या अक्षराच्या जागी टिंब. नग आत सरकवण्याआधी लिहा, नाहीतर पेन्सिलीची रेघ सेल्युलॉइडवर उमटते.